तरंगस्वामींचा स्क्रू

दुसऱ्या मजल्यावर इमारतीच्या अध्यक्षांच्या दिवाणखान्यात मुंगीला शिरायला जागा नव्हती. सोफ्यावर म्हातारी मंडळी, खाली सतरंजीवर मधल्या वयाची, दारात उशिरा आलेली, आणि खिडकीच्या कट्ट्यावर एकटे दंतवैद्य, कारण आपण चारचौघांत बसायचे नव्हेत असं त्यांचं स्वतःबद्दल मत होतं. प्रत्येकाने आपापला फोन छातीशी धरला होता. मधोमध टीपॉयवर निळ्या शालीखाली काहीतरी झाकलं होतं. लांबून पाहणाऱ्याला अंड्यांवर बसलेली कोंबडी वाटली असती, पण तो अध्यक्षांच्या घरचा इंटरनेटचा राउटर होता.

शालीखाली दोन्ही हात घालून तरंगस्वामी डोळे मिटून बसले होते. दाढी छातीपर्यंत आलेली. त्या दाढीआड ओठ भराभर हलत होते, पण आवाज बाहेर येत नव्हता. मौनमंत्र म्हणतात तो हाच, असं शिष्याने आधीच जाहीर केलं होतं. शिष्य एका हाताने घंटी वाजवत होता आणि दुसऱ्या हाताने फोनवर सोहळ्याचं चित्रण करत होता. पुढे त्यावर बासरीचं संगीत चढवून ते इमारतीच्या ग्रुपवर टाकायचं होतं.

ओठ थांबले. स्वामींनी डोळे उघडले.

"बाळांनो, हवेत काय असतं?"

"प्राणवायू," दंतवैद्य कट्ट्यावरून म्हणाले.

"तो सामान्यांच्या हवेत," स्वामी हसले. "तुमच्या हवेत तरंग आहेत. तरंगांत भाव आहे. भावात बँडविड्थ आहे. राउटर म्हणजे डबा नव्हे, तो घराचा श्वास आहे. आणि तुम्ही त्याच्यावर काय ठेवता? विजेची बिलं! काहीजण तर मोजे वाळत घालतात."

अध्यक्षांच्या बायकोने मान खाली घातली.

"मग तो रुसेल नाही तर काय करेल?" असं म्हणून स्वामींनी शाल उचलली. राउटरचे दिवे लुकलुकले. अध्यक्षांनी फोन दाबला. आठवडाभर पडद्यावर नुसतं फिरत राहिलेलं चक्र थांबलं आणि पोट कमी करण्याच्या व्यायामाची चित्रफीत न अडखळता सुरू झाली. दिवाणखान्यात टाळ्यांचा कडकडाट झाला. अध्यक्षांच्या डोळ्यांत पाणी आलं. लेकीला सासरी पाठवताना हा माणूस फक्त गाडीच्या पार्किंगची चौकशी करत होता.

दाराशी एक बाई हे सगळं पाहत उभी होती. तिने हात जोडले नव्हते, कारण हातात दुधाच्या पिशव्या होत्या. पिशव्या नसत्या तरी जोडले नसते, हे इमारतीला ठाऊक होतं.

तिला सगळे सावकाशबाई म्हणत. तिचा धंदाच तसा होता. ज्यांना ऐकू येत नाही त्यांना समोरच्याचे ओठ पाहून बोलणं ओळखायला ती शिकवायची, तेही घरबसल्या, व्हिडिओवर. दिवसभर एकेक शब्द ओठांनी स्पष्ट दाखवायचा, म्हणून मग ती भाजीवाल्याशीही तशीच बोलायची. "अर्धा. किलो. गवार." भाजीवाल्याला वाटायचं आपल्यालाच कमी ऐकू येतं.

तिच्याकडे सध्या एक नऊ वर्षांची मुलगी होती. छोटी. एका तापात तिचं ऐकणं गेलं, आणि त्यानंतर तिने बोलणंही टाकलं. आईबापांनी दोन शिक्षक बदलले, छोटी दोघांसमोर भिंतीकडे तोंड करून बसली. सावकाशबाईंसमोर मात्र ती वळली, मग बघू लागली, आणि एक दिवस चक्क "तुमचा दात वाकडा आहे" असं म्हणाली. सावकाशबाई त्या दिवशी रडल्या होत्या. दात खरंच वाकडा होता, पण रडण्याचं कारण ते नव्हतं.

तेव्हा या बाईला इंटरनेट व्यायामाच्या चित्रफितींसाठी नको होतं. ओठांचं चित्र क्षणभर अडकलं तरी शब्द हातचा जातो, आणि चेहरा थिजला की छोटीला वाटायचं, बाई आपल्याशी बोलेनाशा झाल्या.

तरंगस्वामी इमारतीत आले त्याला काही महिने झाले होते. अध्यक्षांच्या कुठल्याशा मेव्हण्याने त्यांना एका दुपारी चहाला आणलं, आणि नंतर ते गेलेच नाहीत. तळमजल्यावरच्या व्यायामशाळेत त्यांचा मुक्काम होता. ट्रेडमिलवर पूर्वी लोक टॉवेल वाळत घालायचे, तिथे आता स्वामींच्या खडावा असत. घराघरांतून जेवणाचे डबे पाळीने जात. पाळी चुकली तर दोष लागतो, असं शिष्य सांगायचा.

दोष म्हणजे काय, तर नेट मरणं. अध्यक्षांनी सगळ्या इमारतीसाठी एकाच जातीचे राउटर घाऊक भावात आणले होते, आणि स्वामी आल्यापासून त्यांना दोष लागू लागला होता. तोही शिस्तीत, एका वेळी एका घराला. एका घरचा दोष स्वामींनी काढला की काही दिवसांत दुसरीकडे निघायचा. "दोष मरत नसतो, बाळांनो," स्वामी सांगत, "तो घर बदलतो." म्हणून एक घर बरं केलं की ते लगेच दुसऱ्या कुठल्यातरी घरी आपणहून जात आणि शालीखाली हात घालून पूर्वरक्षा देत, तीही फुकट. झाकणाच्या स्क्रूवर एक सोनेरी स्टिकर चिकटवत. त्यावर लिहिलेलं असे: उघडू नये. कृपा सांडेल.

आता गंमत अशी की ज्या घरी पूर्वरक्षा व्हायची, नेमका त्याच घरी पुढचा दोष निघायचा. कोणाही शहाण्याला यात काहीतरी खटकलं असतं. इमारतीतले शहाणे म्हणत, "बघा! दोष कुठे येणार हे स्वामींना आधीच कळलं होतं!"

"मी शास्त्राचा माणूस आहे," दंतवैद्य म्हणायचे, "पण हे काहीतरी आहे बुवा."

सावकाशबाईंच्या घरचा राउटर इतरांसारखाच, पण पोटातून वेगळा होता. यंत्राच्या पोटात फर्मवेअर नावाची शिकवण असते. काय करायचं, कसं करायचं आणि मालकाला काय सांगायचं, हे सगळं त्यात असतं. कंपनीची शिकवण बंद पेटीतली होती. नेट चालो की मरो, ती पडद्यावर हिरव्या अक्षरांत एवढंच सांगायची: सर्व काही ठीक आहे. सावकाशबाईंनी एका रविवारी, स्वयंपाक टाळून, तिथे मुक्त फर्मवेअर घातलं होतं. हे जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेलं; कोणीही वाचावं, चूक दिसली तर दुरुस्त करावी. तेव्हापासून त्यांचा राउटर खरं बोलू लागला. शेजारीपाजारी कोणाचे राउटर बोलतायत, प्रत्येकाच्या कार्डाचा नंबर काय, आपलं कार्ड किती तापलंय, सगळं पडद्यावर.

स्वामींना हे कळलं तेव्हा ते दोन पावलं मागे सरले होते. "उघडं यंत्र? झाकली मूठ सव्वा लाखाची, ताई! ज्याचं पोट जगाने पाहिलं, त्याची लाज गेली."

सासूबाईंना हे मनापासून पटलं. स्वामींच्या डब्यात सर्वांत जास्त तूप त्यांचंच असायचं. नवऱ्याचं म्हणाल तर तो आईसमोर मान उभी आणि बायकोसमोर मान आडवी हलवायचा, त्यामुळे त्याच्या मानेला उत्तम व्यायाम मिळत होता.

अध्यक्षांच्या घरचा सोहळा झाल्यावर दुसऱ्याच दिवशी, सावकाशबाई बाजारात गेल्या असताना, सासूबाईंनी स्वामींना वर बोलावून पूर्वरक्षा घेतली. सावकाशबाई परत आल्या तर राउटरवर सोनेरी स्टिकर.

"आई, मला विचारायचं तरी."

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस. मग कशाला विचारू?"

नेट तर ठीक चाललं होतं. स्टिकरने काय बिघडतंय, असं म्हणून बाईंनी विषय सोडला. त्यांची चूक झाली ती इथे.

छोटीचा पुढचा धडा सुरुवातीला छान झाला आणि मग मध्येच फिसकटला. चित्राचे चौकोन झाले, चौकोनांचे ठिपके झाले. बाईंना वाटलं, बाहेरच्या केबलचा घोळ. केबलवाला येऊन खांबावर चढला, उतरला, म्हणाला, "लाइन एकदम मस्त आहे." त्यानंतरच्या धड्यातही तेच. सासूबाईंनी देवासारखा चेहरा करून सांगितलं, "आला आपल्या घरी. बघ, स्वामींना आधीच कळलं होतं."

मग तिसरा धडा आला. छोटीच्या घरी तिचे आजोबा राहायला आले होते. आजोबांना भलीमोठी दाढी, त्यामुळे ते काय म्हणतात ते छोटीला काही केल्या उमगेना. आजोबा दाढी काढायला तयार नव्हते आणि छोटी आजोबांना सोडायला. तेव्हा बाईंनी ठरवलं, आज दाढीवाल्यांचा धडा. सरावाला दाढीवाला माणूस कुठून आणायचा? इमारतीच्या ग्रुपवर बासरीच्या संगीताखाली एक हजर होताच. अध्यक्षांच्या घरच्या सोहळ्याची चित्रफीत त्यांनी छोटीच्या आईला सकाळीच पाठवून ठेवली होती.

"बघितलंस?" बाईंनी विचारलं.

"बघितलं," छोटी म्हणाली. तिचा आवाज अजून खडबडीत होता, पण आज त्यात हसू होतं. "हे बाबा वेडे आहेत. ते एकच म्हणतात."

"काय म्हणतात?"

"लांब एकावर, आखूड दोनावर. लांब एकावर, आखूड दोनावर."

"पुन्हा बघ हं. ओठांवर 'प', 'ब', 'म' सारखे दिसतात. दाढीत तर जास्तच. घाई नाही करायची."

"खूप वेळा बघितलं! मग ते म्हणतात, स्क्रू. स्क्रू कुठे गेला? मेला स्क्रू पडला वाटतं!" आणि छोटी खदखदून हसली. कॅमेऱ्यासमोर ती पहिल्यांदा हसली होती. बाई उत्तर द्यायला तोंड उघडणार, तेवढ्यात चित्र थिजलं.

थोड्या वेळाने फोन आला. छोटीची आई बोलत होती, आणि तिचा स्वर थकलेला होता. "बाई, तुमचं तोंड उघडं राहिलं आणि तुम्ही तशाच. ती बोलत राहिली, तुम्ही नुसत्या बघताय. आता पलंगाखाली जाऊन बसलीय. मला तुमच्याबद्दल राग नाही हो. पण उद्या पाचला शेवटचं करून बघते. उद्याही असंच झालं तर मी तिला या पडद्यासमोर परत नाही बसवणार. अख्ख्या जगानेच तोंड फिरवलंय असं वाटतं तिला."

सावकाशबाईंनी फोन ठेवला. मग त्यांनी ती चित्रफीत स्वतः लावली. इतके दिवस सगळ्यांप्रमाणे त्याही शालीकडेच बघत आल्या होत्या. आता ओठांकडे बघितलं. लांब एकावर, आखूड दोनावर. पोरीने अक्षर न् अक्षर बरोबर वाचलं होतं. आधीच्या सोहळ्यांच्या चित्रफिती काढल्या. त्यातही तेच. हा मंत्र नव्हे, हे न बघता हाताने काहीतरी जोडणाऱ्या माणसाचं पुटपुटणं होतं.

पण ओठ म्हणजे पुरावा नव्हे. त्यांनी स्क्रूड्रायव्हर आणला.

"अगं, कृपा सांडेल!" सासूबाई किंचाळल्या.

"पुसून घेऊ," सूनबाई म्हणाल्या आणि स्टिकर फाडला.

झाकण निघालं. या जातीच्या राउटरमध्ये अर्ध्या बिस्किटाएवढं एक कार्ड असतं. हवेतून बोलायचं काम तेवढंच करतं. ते डाकवलेलं नसतं, खाचेत बसवलेलं असतं. एक बारीक स्क्रू काढायचा, अँटेनाच्या दोन तारा सोडवायच्या, की कार्ड हातात. जोडताना लांब तार एक नंबरच्या खुंटीवर, आखूड तार दोनवर. सावकाशबाईंनी कार्ड न काढता आधी पडद्यावर पाहिलं. राउटरच्या तळाला त्याच्या कार्डाचा म्हणून छापलेला नंबर एक, आणि आत बोलत असलेल्या कार्डाचा भलताच. शेवटी चार-चार-चार. शेजारी तापमानाचा आकडा, ज्यावर पोळी भाजता आली असती.

चार-चार-चार हे शेपूट त्यांनी आधी पाहिलं होतं. अध्यक्षांचं नेट मेलं होतं तेव्हा शेजाऱ्यांच्या यादीत अध्यक्षांच्या नावापुढे. त्याआधी शेजारच्या शिंपीणबाईंच्या नावापुढे. घाऊक माल आहे, नंबरही सारखेच असतील, असं समजून त्यांनी तेव्हा सोडून दिलं होतं. आता डोक्यात लख्ख उजेड पडला. इमारतीत दोष असा एकच होता. त्याला कारखान्यात छापलेला नंबर होता. थंड असताना गुणी, तापला की बेशुद्ध. आणि तो स्वामींच्या शालीतून घरोघरी फिरत होता.

मग चांगलं कार्ड? ते अर्थात स्वामींकडे. नवं मागवलं तर यायला आठवडा, आणि धडा उद्या पाचला.

सावकाशबाईंनी चार-चार-चार उपसून खिशात टाकलं, झाकण बंद केलं, फाटका स्टिकर परत नीट चिकटवला, आणि सासूबाईंना म्हणाल्या, "आई, तुमचं बरोबर होतं. उद्या दुपारी स्वामींना बोलवा."

सासूबाईंनी तिच्या कपाळाला हात लावून पाहिला.

दुसऱ्या दिवशी चारच्या सुमारास बाईंच्या हॉलमध्ये सगळी इमारत लोटली. नास्तिक राउटरची शुद्धी म्हणून अध्यक्षांनी ग्रुपवर निमंत्रणच टाकलं होतं. स्वामींनी आधी अट घातली: "दोष काढतो. पण त्यानंतर ती उघडी विद्या पुसायची आणि कंपनीची मूळ शिकवण घालायची. यंत्राला मर्यादा हवी. घरातल्या बाईला आणि यंत्राला..."

"पुढचं राहू द्या," बाई म्हणाल्या. "कबूल. सुरू करा."

निळी शाल पसरली. हात आत गेले. घंटी किणकिणली. दाढी हलू लागली. सावकाशबाई स्वामींच्या अगदी समोर स्टूल ओढून बसल्या आणि त्यांनी डोळे ओठांवर रोखले.

"मंडळी," त्या आपल्या नेहमीच्या सुट्या-सुट्या आवाजात म्हणाल्या, "स्वामींचा मौनमंत्र आजवर आपल्याला ऐकू आला नाही. माझा धंदाच हा आहे. मी मोठ्याने म्हणते, म्हणजे सगळ्यांना पुण्य लागेल."

"वा, वा," अध्यक्ष म्हणाले.

"स्वामी म्हणतायत: आधी. स्क्रू. हळू. हळू. निघाला."

काहींनी हात जोडले.

"आता म्हणतायत: लांब सोड. आखूड सोड. अरे, या सुट्याच कशा?" बाई स्टुलावर पुढे सरकल्या. "आता म्हणतायत: कार्ड. कार्ड? अगं आई गं, कार्ड कुठंय?"

घंटी थांबली. शालीखाली बोटं उंदरासारखी इकडून तिकडे धावत होती. स्वामींच्या कपाळावर घाम आला. ओठ अजून हलतच होते, सवयच तशी.

"म्हणतायत: खाच रिकामी. बोंबललं. या बाईने..." सावकाशबाई थांबल्या. "पुढचा शब्द मी मोठ्यांसमोर उच्चारत नाही."

आणि त्यांनी खिशातून कार्ड काढून वर धरलं. "हे शोधताय का?"

स्वामी उठायला गेले ते शालीवर पाय पडून शिष्याच्या अंगावर बसले. शाल सरकली. उजव्या हातात अंगठ्याएवढा स्क्रूड्रायव्हर आणि डाव्या हातात बोटांमध्ये लपवलेलं दुसरं कार्ड. दंतवैद्यांनी ते काढून घेतलं. बाईंनी त्याचा नंबर वाचला आणि राउटर उलटा करून तळाचा नंबर सगळ्यांना दाखवला. दोन्ही जुळत होते.

"योगायोग," अध्यक्ष पुटपुटले.

"असेल," बाई म्हणाल्या. "म्हणून करून बघू. आई, तुमचा हेअर ड्रायर द्या."

त्यांनी चार-चार-चार खाचेत बसवलं, लांब एकावर, आखूड दोनावर, सगळ्यांदेखत. अध्यक्षांचा फोन या राउटरला जोडला आणि त्यावर व्यायामाची चित्रफीत लागली. मग त्यांनी दंतवैद्यांच्या हातात ड्रायर दिला. शास्त्राचा माणूस कार्डावर गरम हवा सोडू लागला, आणि थोड्याच वेळात पोट कमी करणारा गृहस्थ अर्ध्या उठाबशीत थिजला. ड्रायर बंद करून वर्तमानपत्राने वारा घातला, तो पुन्हा उठाबशा काढू लागला. पुन्हा गरम केलं, पुन्हा थिजला. दोष अगदी बटण दाबल्यासारखा येत-जात होता. मग त्यांनी आपलं कार्ड बसवलं आणि त्यावरही तितकाच वेळ, तोच ड्रायर. गृहस्थ उठाबशा काढतच राहिला.

मग अध्यक्षांच्या बायकोने हळूच विचारलं, "ताई, या ड्रायरमध्येच काही शक्ती आहे का? एक दिवस आमच्याकडे ठेवता येईल?"

सावकाशबाईंनी डोक्याला हात लावला. "वहिनी, शक्ती कशातच नाही. हे एक खराब कार्ड आहे. हा माणूस पूर्वरक्षा म्हणून येतो, तुमचं चांगलं कार्ड काढून घेतो आणि हे बसवतो. तुमचं नेट मरतं, तुम्ही त्याला बोलावता, तो तुमचंच कार्ड तुम्हाला परत देतो. आणि हे घेऊन पुढच्या घरी जातो. गेले काही महिने एका नादुरुस्त कार्डावर याने अख्खी इमारत चालवली, आणि आपण त्याला तुपाचे डबे पाठवले."

आता सगळे स्वामींकडे वळले. स्वामींनी एक सुस्कारा सोडला. आवाजातली गुहा गेली आणि साधा माणूस बोलू लागला.

"दुरुस्तीच्या दुकानात होतो मी. लोकांना सांगायचो, डबा टाकू नका, आतलं कार्ड बदलता येतं, मी दाखवतो. कोणी थांबायचंच नाही. म्हणायचे, तुला काय कळतं, नवाच द्या. मग एकदा थंडी वाजत होती म्हणून शाल पांघरून बसलो. त्या दिवशी एका गिऱ्हाइकाने वाकून नमस्कार केला." त्याने खांदे उडवले. "तेच हात, तेच कार्ड. शालीला मान होता."

हे ऐकून मंडळींना राग यायला हवा होता. आला तो थोडासा, कारण बाकीची जागा लाजेने घेतली होती. चूक त्याची होती, यात वादच नाही. पण शाल काही त्याने एकट्याने विणली नव्हती.

"स्क्रूड्रायव्हर घेऊन जा," सावकाशबाई त्याला म्हणाल्या, "आणि शाल इथेच ठेवा. दुकान परत उघडलंत तर मी स्वतः येईन." मग त्या सगळ्यांकडे वळल्या. "आणि तुम्ही माझंही नुसतं ऐकून मान डोलावू नका. घरी जा, तो सोनेरी स्टिकर काढा, आत बघा. कळलं नाही तर विचारा. मीही कोणीतरी उघडं ठेवलं म्हणूनच बघू शकले. जो म्हणतो उघडू नका, विचारू नका, त्याच्याकडे लपवायला काहीतरी असतं. झाकली मूठ सव्वा लाखाची असते ती मूठवाल्यासाठी. आपल्याला काय मिळतं त्यातून?"

भिंतीवरच्या घड्याळात पाच वाजत आले होते. कोणी जायचं नाव घेईना. बाईंनी लॅपटॉप उघडला. पडद्यावर एक रिकामी खुर्ची दिसली, मग खुर्चीच्या पाठीमागून दोन डोळे. बाजूला दाढीवाले आजोबा.

"माझं. नेट. बिघडलं. होतं," बाई म्हणाल्या. "मी. कुठेही. गेले. नव्हते."

डोळे बघत राहिले. बाईंचा चेहरा हलत होता, थिजत नव्हता. हळूहळू छोटी खुर्चीच्या मागून पुढे आली. सासूबाई मागून वाकून बघत होत्या. आपली सून दिवसभर दार लावून काय करते, हे त्यांनी आज पहिल्यांदा पाहिलं, आणि त्यांना फार वाईट वाटलं.

"बाई," छोटीने विचारलं, "त्या बाबांचा स्क्रू सापडला का?"

बाईंनी प्रश्न मोठ्याने सांगितला. हॉलमध्ये चुळबुळ झाली. अध्यक्षांची बायको लाल झाली, मग पर्समधून तिने एक चांदीची डबी काढली. सोहळ्याच्या दिवशी सतरंजीवर एक बारीक काळा तुकडा सापडला होता. तरंगबीज समजून तिने तो डबीत ठेवला होता आणि रोज त्याला एक फूल वाहत होती. आज दर्शनाला म्हणून बरोबर आणला होता. डबी उघडली. सुकलेल्या पाकळीवर एक स्क्रू पडला होता.

"सापडला," बाईंनी छोटीला सांगितलं. "या काकूंनी डबीत ठेवला होता. त्या त्याला रोज फूल वाहायच्या."

छोटीने आजोबांकडे पाहिलं, मग पडद्यातून सगळ्या मोठ्या माणसांकडे.

"स्क्रूला? का?"

दंतवैद्य छताकडे बघू लागले. अध्यक्षांनी घसा खाकरला. शेवटी सासूबाई पुढे आल्या. आयुष्यभर चुलीवरच्या लाह्यांसारखं तडतड बोलणाऱ्या बाई कॅमेऱ्यासमोर वाकल्या, आणि सुनेसारखंच, एकेक शब्द ओठांवर नीट ठेवत म्हणाल्या:

"कारण. आमच्यापैकी. कोणी. तुझ्यासारखं. विचारलंच. नाही."